सरासरी कोणती? हिंजवडीच्या शीटमधला भूमितीमध्य

हिंजवडीत एप्रिल-मे हे अप्रेझलचे महिने. राजीव गांधी इन्फोटेक पार्कच्या फेज एकपासून माणच्या अंगाच्या फेज तीनपर्यंत कुठेही जा, हाइकचे पत्र हातात पडले की एक शीट उघडली जाते आणि साधा प्रश्न निघतो: गेल्या चार वर्षांत सरासरी किती टक्के वाढ मिळाली? समजा आकडे ८, १२, ० आणि १५ असे आहेत. शून्य त्या वर्षाचे, ज्या वर्षी पगार गोठवले गेले. ‘एव्हरेज’ हे फंक्शन ८.७५ सांगते. मग कोणीतरी सुचवते की वाढीची सरासरी अशी घेत नाहीत, भूमितीमध्य घ्यायचा, ‘जिओमीन’ वापर. ते वापरले की सेलमध्ये ‘नम’ची एरर उमटते. शून्य पुसून सेल रिकामा केला की एरर जाते आणि ११.२९ हा आकडा येतो.

हा आकडा दिसायला छान आहे आणि साफ चुकीचा आहे. पन्नास हजारांचा पगार या चार वाढींनंतर ६९,५५२ रुपये होतो. दर वर्षी ११.२९ टक्क्यांनी चढवला तर तो सुमारे ७६,७०० व्हायला हवा. सात हजारांचा हा फरक फक्त एक सेल रिकामा केल्याने पडला.

बरोबर रीत अशी. टक्केवारी तशीच द्यायची नाही, तिचा गुणक करायचा: ८ टक्के म्हणजे १.०८, १२ म्हणजे १.१२, शून्य म्हणजे १.००, १५ म्हणजे १.१५. हे चार गुणक बी२ ते बी५ मध्ये लिहायचे, =जिओमीन(बी२:बी५)-१ असे सूत्र द्यायचे आणि सेलला टक्केवारीचे रूप द्यायचे. उत्तर येते ८.६० टक्के. पन्नास हजारांना चार वेळा १.०८६० ने गुणून बघा, पगार बरोबर ६९,५५२ च्या जवळ पोचतो. शून्य टक्के वाढ हा या हिशोबात अडथळा नाहीच. त्याचा गुणक एक आहे आणि एकाने गुणल्यावर काही बदलत नसले तरी वर्ष मोजले जाते.

भूमितीमध्य मराठी माध्यमात शिकलेल्या प्रत्येकाला दहावीत भेटलेला असतो. काटकोन त्रिकोणात कर्णावर टाकलेला शिरोलंब हा कर्णाच्या दोन विभागांचा भूमितीमध्य असतो, हे ते प्रमेय. कर्णाचे तुकडे ४ आणि ९ असले तर शिरोलंब ६, कारण चार नवे छत्तीस आणि छत्तिसाचे वर्गमूळ सहा. युक्लिडच्या ग्रंथातही ही रचना आहे आणि तिच्यातच पुढची सगळी गोष्ट दडलेली आहे. हा कर्ण व्यास धरून अर्धवर्तुळ काढले तर काटकोनाचा शिरोबिंदू त्या वर्तुळावरच येतो. व्यास १३, म्हणून त्रिज्या ६.५, आणि ६.५ हीच ४ व ९ यांची नेहमीची सरासरी. शिरोलंब त्रिज्येहून मोठा होऊच शकत नाही. दोन्ही तुकडे सारखे असतील तेव्हाच तो तिच्याएवढा होतो. म्हणजे भूमितीमध्य नेहमीच्या सरासरीपेक्षा कधीच जास्त नसतो, आणि आकड्यांत चढउतार जितका मोठा तितका तो खाली राहतो. दोन संख्यांसाठी हे डोळ्यांना दिसते. कितीही संख्यांसाठी ते खरे आहे याची सुप्रसिद्ध सिद्धता फ्रेंच गणिती कोशी याने १८२१ मध्ये दिली.

आता ‘जिओमीन’ फंक्शनचे वागणे. एक्सेल, गूगल शीट्स आणि लिब्रेऑफिस कॅल्क या तिन्हींत ते याच नावाने आहे. एक्सेल आणि गूगल शीट्समध्ये शून्य किंवा ऋण संख्या त्याला चालत नाही. ऋण न चालण्याचे कारण उघड आहे: दोन ऋण संख्यांचा गुणाकार धन होतो, तिघांचा ऋण, आणि अशा गुणाकाराच्या मुळाला सरासरी म्हणण्यात अर्थ उरत नाही. पण रिकामा सेल आणि अक्षरे असलेला सेल ते गुपचूप वगळते. हा दुसरा स्वभाव पहिल्यापेक्षा जास्त घातक आहे. एरर आली की माणूस थांबतो, वगळलेल्या सेलची मात्र कोणाला खबर नसते. म्हणून शेजारी ‘काउंट’ लावून किती आकडे धरले गेले ते दाखवावे, असे मी आग्रहाने म्हणेन.

फंक्शन न वापरता तेच उत्तर दोन वाटांनी काढता येते. पहिली वाट म्हणजे ‘प्रॉडक्ट’ने गुणाकार करून, जितके आकडे तितकावे मूळ घेणे. ही वाट लहान यादीपुरतीच. शीटमध्ये मावणारी सर्वांत मोठी संख्या एकावर साधारण ३०८ शून्यांइतकी. दरमहा एक लाख पगाराचे ६२ जण नुसते गुणले तरी एकावर ३१० शून्ये होतात आणि हिशोब कोसळतो. दुसरी वाट लॉगची: प्रत्येक आकड्याचा ‘एलएन’, त्यांची नेहमीची सरासरी, आणि तिचा ‘एक्स्प’. जुन्या एक्सेलमध्ये हे सूत्र कंट्रोल-शिफ्ट-एंटर दाबून द्यावे लागे. ही वाट माहीत असणे फार उपयोगाचे आहे, कारण वजनांसह भूमितीमध्य काढायला तयार फंक्शन नाही. तिथे लॉगना ‘समप्रॉडक्ट’ने वजने लावूनच जावे लागते. शिवाय भूमितीमध्य म्हणजे लॉगच्या पट्टीवरची साधी सरासरी, हेही या वाटेने लख्ख कळते.

हिंजवडीतल्या तरुण पगारदारांच्या पैशाशी याचा सर्वांत जवळचा संबंध शेअर बाजारात येतो. सेन्सेक्स २००७ च्या अखेरीस २०,२८६.९९ वर बंद झाला, २००८ च्या अखेरीस ९,६४७.३१ वर, २००९ च्या अखेरीस १७,४६४.८१ वर. पहिल्या वर्षी ५२.४ टक्के घसरण, दुसऱ्या वर्षी ८१ टक्के चढ. या दोन टक्केवाऱ्यांची नेहमीची सरासरी वर्षाला १४.३ टक्के फायदा दाखवते. प्रत्यक्षात दोन वर्षांपूर्वी घातलेल्या लाखाचे शहाऐंशी हजार उरले होते. गुणक ०.४७५५ आणि १.८१०३ घेऊन भूमितीमध्य काढला की वर्षाला ७.२ टक्के तोटा हे खरे चित्र समोर येते. नफा आणि तोटा यांचे चिन्हच बदलून टाकणारी ही चूक आहे, आणि आकडे सगळे खरे आहेत. म्युच्युअल फंडांनी एक वर्षावरच्या मुदतीचा परतावा चक्रवाढ वार्षिक दराने दाखवावा, असा सेबीचा नियम आहे तो याचसाठी. हा चक्रवाढ दर म्हणजे वर्षावर्षाच्या गुणकांचा भूमितीमध्यच. मधल्या वर्षांचे आकडे हाताशी नसले तरी चालते: सुरुवात, शेवट आणि वर्षे दिली की ‘आरआरआय’ फंक्शन तोच दर काढते.

इथे दोन गोष्टी सांगायलाच हव्यात. दरमहा एसआयपी भरणाऱ्याला हा दर स्वतःचा परतावा म्हणून वापरता येत नाही, कारण त्याचा प्रत्येक हप्ता वेगळ्या मुदतीसाठी बाजारात असतो. त्याच्यासाठी तारखांसह हिशोब करणारे ‘एक्सआयआरआर’ आहे. आणि नेहमीची सरासरी इथे अगदीच टाकाऊ नाही. पुढच्या एकाच वर्षाचा अंदाज बांधायचा असेल तर तीच धरतात. अनेक वर्षे पैसा गुंतून राहिल्यावर काय झाले, हे भूमितीमध्य सांगतो. दोघांतला फरक ढोबळमानाने चढउताराच्या वर्गाच्या निम्म्याइतका असतो. परताव्याचे प्रमाणित विचलन २० टक्के असेल तर दोन टक्के. वीस वर्षांच्या गुंतवणुकीत दरसाल दोन टक्के म्हणजे लहान रक्कम नव्हे.

भाड्याच्या घराचा हिशोबही याच जातीचा आहे. वाकड, मारुंजी, हिंजवडीत लिव्ह अँड लायसन्सचा करार बहुधा ११ महिन्यांचा, आणि नूतनीकरणाला १० टक्के वाढ. भाडेकरू म्हणतो, वर्षाला दहा टक्के. पण ही वाढ बारा नव्हे, अकरा महिन्यांनी लागते. १.१० चा १२/११ वा घात घेतला की वर्षाचा खरा दर १०.९६ टक्के निघतो. पाच टक्क्यांच्या करारात तो ५.४७ होतो. पगारवाढीशी भाडेवाढीची तुलना करायची तर दोन्ही बारा महिन्यांवर आणूनच करावी, आणि ८.६० शेजारी १०.९६ ठेवल्यावर घरखर्चाची दिशाही कळते.

महागाईच्या मोजणीत भूमितीमध्याचा इतिहास सर्वांत लांब आणि वादाचा आहे. एका दुकानात एखाद्या वस्तूचा भाव दुप्पट झाला आणि दुसऱ्यात निम्मा, तर महागाई किती? भावगुणकांची नेहमीची सरासरी, म्हणजे २ आणि ०.५ यांची, १.२५ येते: पंचवीस टक्के महागाई. हेच भाव पुढच्या महिन्यात मूळ जागी आले, तर गुणक ०.५ आणि २, पुन्हा पंचवीस टक्के महागाई. भाव जिथले तिथे, आणि निर्देशांक दोन महिन्यांत छप्पन टक्क्यांनी वर. या पद्धतीला अठराव्या शतकातल्या कार्ली या इटालियन विद्वानाचे नाव आहे. इंग्रज अर्थशास्त्रज्ञ जेव्हन्स याने १८६३ मध्ये सोन्याच्या घसरत्या मोलावर लिहिताना भूमितीमध्य वापरला. भूमितीमध्याने वरच्या उदाहरणातला निर्देशांक दोन्ही वेळा एकच राहतो. ब्रिटनच्या जुन्या किरकोळ भाव निर्देशांकात कार्लीची पद्धत राहिली, आणि २०१३ मध्ये त्याचा अधिकृत राष्ट्रीय आकडेवारीचा दर्जा गेला त्यामागे हे एक मोठे कारण होते.

आपल्याकडे हा बदल गेल्या दशकात झाला आणि त्याची चर्चा फारशी झाली नाही. ग्राहक भाव निर्देशांकाची २०१२ पायाभूत वर्षाची मालिका २०१५ मध्ये आली, तेव्हा सर्वांत खालच्या पातळीवर, म्हणजे एकाच वस्तूचे ठिकठिकाणचे भाव एकत्र करताना, भूमितीमध्य आला. घाऊक भाव निर्देशांकाच्या २०११-१२ मालिकेने २०१७ मध्ये तेच केले. ज्यावर महागाई भत्ता ठरतो त्या औद्योगिक कामगारांच्या निर्देशांकाच्या २०१६ मालिकेनेही २०२० मध्ये तोच मार्ग धरला. माझ्या मते हा बदल योग्य आहे, पण तो निव्वळ गणिती नाही. भूमितीमध्य घेताना गृहीत असे असते की एका दुकानात भाव चढला तर लोक दुसरीकडून घेतील. तूरडाळ या दुकानाऐवजी त्या दुकानातून, हे पटते. तूरडाळीऐवजी औषध, हे पटत नाही, आणि म्हणून वरच्या पातळीवर, वेगवेगळ्या वस्तूंचे गट जोडताना, आपला निर्देशांक अजूनही वजनांसह नेहमीच्या सरासरीनेच जातो. महागाई कमी दाखवण्यासाठी सरासरी बदलली असा आरोप होतो, तेव्हा ही सीमारेषा बघावी.

लोकसंख्येचा अंदाज हा हिंजवडीच्या दृष्टीने सर्वांत कळीचा प्रश्न, कारण पाणी, सांडपाणी आणि रस्ते त्यावर बेततात. शेजारच्या पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या १९९१ च्या जनगणनेत साधारण ५.२ लाख, २००१ मध्ये १०.१ लाख, २०११ मध्ये १७.३ लाख. दशकाची वाढ आधी ९४ टक्के, मग ७१ टक्के. पाणीपुरवठ्याच्या योजना आखताना वापरायच्या पद्धतींपैकी एक भूमितीय वाढीची: मागच्या दशकांच्या वाढीचा भूमितीमध्य घ्यायचा आणि पुढे तोच दर चालवायचा. अभियांत्रिकीच्या पाठ्यपुस्तकांत इथे टक्केवारीचाच भूमितीमध्य घेण्याची रीत आढळते. ९४ आणि ७१ चा तो ८१.७ येतो. मूळ लोकसंख्येच्या गुणकांवरून काढला तर ८२.४. या उदाहरणात फरक किरकोळ आहे, पण एखाद्या दशकात वाढ शून्याजवळ गेली किंवा लोकसंख्या घटली तर पहिली रीत मोडून पडते आणि दुसरी चालू राहते. म्हणून दुसरीच वापरावी.

खरी अडचण मात्र सरासरीच्या निवडीत नाही. ८२.४ टक्के धरला तर २०२१ चा अंदाज ३१.६ लाख येतो, शेवटच्या दशकाचा ७१ टक्के धरला तर २९.६ लाख, आणि दर उतरणीला लागला आहे हे लक्षात घेतले तर त्याहूनही कमी. त्यात १९९७ मध्ये आसपासची गावे महापालिकेच्या हद्दीत आली, म्हणजे ९४ टक्क्यांतला काही भाग माणसे वाढल्याचा नव्हे, हद्द वाढल्याचा आहे. भूमितीमध्याला हद्द कळत नाही. हिंजवडी तर ग्रामपंचायतच राहिली, आणि जनगणना रात्री मुक्कामाला असलेली माणसे मोजते. सकाळी कंपन्यांच्या बसमधून उतरून संध्याकाळी परतणारी मोजत नाही. पाणी मात्र तीही वापरतात. या भागासाठी कोणी नुसत्या जनगणनेच्या तीन आकड्यांवर जिओमीन चालवून योजना मांडली, तर फंक्शन बरोबर आणि योजना अपुरी असे होईल. दिवसाची लोकसंख्या वेगळी मोजल्याशिवाय इथे गत्यंतर नाही.

म्हाळुंगे-बालेवाडी आणि वाकडच्या मधून मुळा वाहते. नदीच्या पाण्यातले जिवाणू मोजताना आकडे शेकड्यांतून एकदम हजारोंत उड्या मारतात, म्हणून तिथे भूमितीमध्याची प्रथा जगभर आहे. कल्पित पाच नमुने घेऊ: १०० मिलिलिटरमध्ये २००, ३००, २५०, ४०० आणि ९०,०००. नेहमीची सरासरी १८,२३०, भूमितीमध्य सुमारे ८८०. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषात आंघोळीच्या पाण्यासाठी फीकल कोलिफॉर्म ५०० पर्यंत असावेत, कमाल २,५०० चालतील. कमाल मर्यादेच्या हिशोबाने एका सरासरीने नदी नापास, दुसरीने पास. नेहमीच्या दिवसाचे पाणी कसे असते याला ८८० हे रास्त उत्तर आहे. पण त्या पाचव्या दिवशी कोणी पाण्यात उतरले असेल तर त्याच्यापुढे ८८० नव्हते, ९०,००० होते. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने २०१२ च्या निकषांत यावर चांगला तोडगा काढला: ई-कोलायचा भूमितीमध्य १२६ च्या आत हवा, आणि त्याबरोबर दहा टक्क्यांहून जास्त नमुने ४१० च्या वर जाता कामा नयेत. नुसत्या भूमितीमध्यावर नदीला प्रशस्तिपत्र देणे मला धोक्याचे वाटते.

पाण्याच्या नमुन्यांच्या शीटमध्ये आणखी एक सापळा असतो. चाचणीत जिवाणू सापडले नाहीत तर प्रयोगशाळा शून्य लिहीत नाही, ‘१.८ पेक्षा कमी’ असे लिहिते. शीटच्या लेखी ती अक्षरे. जिओमीन तो सेल वगळते आणि स्वच्छ नमुनेच हिशोबातून गळतात. अशा ठिकाणी मर्यादेची निम्मी किंमत धरण्याची पद्धत आहे. काही जण प्रत्येक आकड्यात एक मिळवतात आणि शेवटी वजा करतात. दोन्ही सोयीचे तोडगे आहेत, आणि कोणता वापरला ते अहवालात लिहायला हवे.

पुण्यातल्या लसींच्या कामातही हेच माप चालते. रक्तातली प्रतिपिंडे मोजताना नमुना दुपटी-दुपटीने पातळ करत जातात, म्हणून वाचन १०, २०, ४०, ८० असे येते. पाच जणांचे २०, ४०, ४०, ८० आणि ६४० आले तर नेहमीची सरासरी १६४, जी पाचांपैकी चौघांच्या वर आहे; भूमितीमध्य ७० च्या जवळ. लसींच्या चाचण्यांचे निकाल भूमितीमध्य टायटरने सांगतात ते यामुळे. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेच्या सहभागातून आलेल्या कोव्हॅक्सिनच्या निकालांतही तोच होता.

संयुक्त राष्ट्रांच्या मानव विकास निर्देशांकाने २०१० मध्ये आरोग्य, शिक्षण आणि उत्पन्न यांची नेहमीची सरासरी सोडून भूमितीमध्य घेतला, एका अंगाची उणीव दुसऱ्याने सहज भरून निघू नये म्हणून. त्यावर मार्टिन रॅव्हेलियन यांनी आक्षेप घेतला की गरीब देशांत आयुष्याच्या एका जास्तीच्या वर्षाला या मापात फारच कमी मोल मिळते. हा आक्षेप अजून पुरता सुटलेला नाही.

हिंजवडीच्या स्वतःच्या धंद्यात भूमितीमध्य संगणकांच्या वेगाच्या तुलनेत येतो. १९८८ मध्ये स्थापन झालेली स्पेक ही संस्था प्रत्येक यंत्राचा वेग एका संदर्भयंत्राच्या पटीत मोजते आणि त्या पटींचा भूमितीमध्य जाहीर करते. फ्लेमिंग आणि वॉलेस यांनी १९८६ मध्ये दाखवले होते की पटींची नेहमीची सरासरी घेतली तर संदर्भयंत्र बदलताच विजेता बदलतो. दुकानांच्या भावांचाच प्रकार. १९८८ मध्ये जेम्स स्मिथ यांनी उलट मुद्दा मांडला: वापरणाऱ्याला शेवटी एकूण लागलेला वेळ भोगावा लागतो आणि भूमितीमध्य तो सांगत नाही. टेस्टिंगच्या कामात मला स्मिथ यांचे म्हणणे जास्त पटते. पाच क्लिकपैकी चार ०.२ सेकंदात आणि एक १२.८ सेकंदात उघडली, तर भूमितीमध्य ०.४६ सेकंद. ग्राहक मात्र १३.६ सेकंद थांबला. प्रतिसादाच्या वेळेला नेहमीची सरासरी आणि पंच्याण्णवावा शतमक हेच द्यावेत.

प्रवासाच्या वेगाच्या बाबतीत तर या दोन्ही सरासऱ्या चुकतात. पहाटे भूमकर चौकातून हिंजवडीला ताशी ४० किलोमीटरने गेलात आणि संध्याकाळी त्याच रस्त्याने १० ने परतलात, तर नेहमीची सरासरी २५ आणि भूमितीमध्य २०. रस्ता दहा किलोमीटर धरला तर जाताना पंधरा मिनिटे, येताना एक तास. वीस किलोमीटरला सव्वा तास, म्हणजे ताशी १६. हे उत्तर हरात्मक मध्याचे, आणि त्यासाठी ‘हारमीन’ नावाचे वेगळे फंक्शन शीटमध्ये आहे.